बॅटरीचा दाब वाढवणारा धर्मगुरू : निकोलस कॅलन

पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित झाला की गोव्यातील असंख्य घरांत इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो. त्याला जोडलेल्या बॅटरीचा दाब असतो अवघा १२ व्होल्ट. घरातले पंखे आणि दिवे मात्र चालतात २३० व्होल्टवर. खिशात मावणाऱ्या छोट्या विजेरीतही हीच तफावत आढळते. तिच्यात दीड व्होल्टचा एकच सेल असतो, पण पांढरा एलईडी दिवा उजळायला सुमारे ३ व्होल्टचा दाब लागतो. कमी दाबाच्या बॅटरीतून जास्त दाबाची वीज मिळवण्याची युक्ती आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा जनक कोण, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. ही युक्ती १८३६ साली आयर्लंडमधील एका सेमिनरीत प्रत्यक्षात आणली गेली. ती आणणारे होते तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि कॅथलिक धर्मगुरू फादर निकोलस कॅलन.

धर्मगुरूंनी विद्याव्यासंगात आयुष्य घालवणे गोव्याच्या वाचकांना अपरिचित नाही. १६१६ साली राशोल येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच परंपरेतले. कॅलन यांनी हाती लेखणीबरोबर तांब्याची तार घेतली, इतकाच काय तो फरक.

पारतंत्र्यातील बालपण

निकोलस जोसेफ कॅलन यांचा जन्म २२ डिसेंबर १७९९ रोजी आयर्लंडच्या लाउथ परगण्यातील डार्व्हर या गावी झाला. त्यांच्या जन्मानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १८०० मध्ये, इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी रासायनिक क्रियेतून अखंड वीजप्रवाह देणाऱ्या आपल्या घटमालेची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. बॅटरी आणि बॅटरीला बळ देणारा हा संशोधक अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी जगात आले.

त्या काळी आयर्लंड इंग्रजांच्या सत्तेखाली होते. बहुसंख्य आयरिश प्रजा कॅथलिक, पण शिक्षण, मालमत्ता आणि सरकारी अधिकारपदे यांच्या वाटा तिच्यासाठी दीर्घकाळ कायद्याने बंद होत्या. हे निर्बंध हळूहळू सैल होत असताना १७९५ मध्ये डब्लिनपासून सुमारे २५ किलोमीटरवर मेनूथ येथे सेंट पॅट्रिक महाविद्यालय स्थापन झाले. आयरिश धर्मगुरूंना मायदेशातच शिक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. डंडॉक येथे प्राथमिक शिक्षण घेतल्यावर १८१६ मध्ये कॅलन या महाविद्यालयात दाखल झाले.

तेथे त्यांना कॉर्नेलियस डेन्व्हिर हे अध्यापक लाभले. निसर्गविज्ञान पुस्तकातून पाठ करून घेण्यापेक्षा प्रयोग करून दाखवण्याकडे डेन्व्हिर यांचा कल होता. तिसऱ्या वर्षाला असलेल्या कॅलन यांच्या मनावर या पद्धतीचा कायमचा ठसा उमटला. १८२३ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि पुढील अध्ययनासाठी ते रोमला गेले. सापिएन्झा विद्यापीठातून १८२६ मध्ये त्यांनी ईश्वरविद्येतील डॉक्टरेट संपादन केली. रोममध्ये असतानाच गॅल्व्हानी आणि व्होल्टा यांच्या विद्युतसंशोधनाशी त्यांचा जवळून परिचय झाला. ते डॉक्टर झाले धर्मशास्त्राचे, पण मायदेशी परतले ते विजेचा ध्यास घेऊन. त्याच वर्षी डेन्व्हिर यांनी राजीनामा दिल्याने रिक्त झालेले निसर्गविज्ञानाचे अध्यासन कॅलन यांच्याकडे आले. ते त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे तब्बल ३८ वर्षे सांभाळले.

एका घटाची मर्यादा

कॅलन यांच्यापुढील प्रश्न समजून घ्यायचा तर त्या काळची बॅटरी डोळ्यांसमोर आणायला हवी. जस्त आणि तांबे यांचे पत्रे आम्लात बुडवून केलेला एक घट साधारण एक व्होल्टचा दाब देई. जास्त दाब हवा असेल तर एकच मार्ग होता, तो म्हणजे घटामागून घट जोडत जाणे. शंभर व्होल्टसाठी शंभर घट, हजारांसाठी हजार. प्रत्येक घटात आम्ल ओतायचे, झिजलेले जस्त बदलायचे, आम्लाच्या वाफा सोसायच्या. मोठा दाब ही श्रीमंत संस्थांची मिरास होती. मेनूथसारख्या, धर्मशिक्षणालाच प्राधान्य देणाऱ्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला मिळणारा पैसा बेताचाच असणार.

दरम्यान युरोपात दोन महत्त्वाचे शोध लागले होते. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जन यांनी लोखंडाच्या नालाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक तयार केला. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद होताना शेजारच्या, त्याला न जोडलेल्या वेटोळ्यातही क्षणभर वीज उमटते. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांच्याही लक्षात आले होते की लांब वेटोळ्यातून जाणारा प्रवाह तोडला की तोडल्याच्या जागी ठिणगी उडते. हे सारे धागे एकत्र विणून त्यांतून उपयोगी यंत्र उभे करण्याचे काम कॅलन यांनी केले.

वेटोळे आणि पाऱ्याची वाटी

मेनूथ गावातील लोहाराकडून त्यांनी घोड्याच्या नालाच्या आकाराचे मोठे लोखंडी गाभे घडवून घेतले. गाभ्यावर जाड तांब्याच्या तारेचे थोडे वेढे दिले आणि बारीक तारेचे असंख्य वेढे. जाड वेटोळ्याला बॅटरी जोडली की गाभा चुंबक होई. मग तो प्रवाह अचानक तोडायचा. प्रवाह तुटताच गाभ्यातले चुंबकत्व ढासळे आणि त्या ढासळण्याच्या क्षणी बारीक वेटोळ्याच्या टोकांवर बॅटरीच्या कित्येक पट दाब उसळून येई.

यामागचे तत्त्व घरातल्या नळाच्या उदाहरणाने समजू शकते. लांब पाइपमधून जोरात वाहणारे पाणी नळ झटक्यात बंद करून अडवले तर पाइपला ठोका बसल्यासारखा आवाज होतो. वाहत्या पाण्याला एकाएकी थांबता येत नाही. त्याची गती क्षणभर दाबाच्या रूपाने प्रकट होते. वेटोळ्यातील प्रवाहाचेही तसेच आहे. तो जितक्या झटक्यात तुटेल तितका दाब अधिक. शिवाय बारीक वेटोळ्यातील वेढे जाड वेटोळ्याच्या जितके पट अधिक, तितक्या पटीने दाब आणखी वाढतो.

पण एकदा प्रवाह तोडून एकच ठिणगी मिळते. ठिणग्या अखंड हव्या असतील तर प्रवाहही अखंड जोडत आणि तोडत राहायला हवा. हाताने हे काम किती वेगाने होणार? कॅलन यांनी त्यासाठी घड्याळाच्या यंत्रणेचा आधार घेतला. मागेपुढे झुलणाऱ्या तारेचे टोक पाऱ्याच्या वाटीत बुडे आणि बाहेर येई. बुडताच प्रवाह जोडला जाई, बाहेर येताच तुटे. या साधनामुळे सेकंदाला अनेक वेळा जोडतोड होऊ लागली आणि थोडक्या घटांच्या बॅटरीतून उच्च दाबाच्या विजेचा जणू प्रवाहच वाहू लागला. १८३६ मधील हे यंत्र म्हणजे जगातील पहिले प्रवर्तन वेटोळे मानले जाते. अमेरिकेत चार्ल्स ग्राफ्टन पेज हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच दिशेने काम करत होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दाब वाढला म्हणजे ऊर्जा वाढली असे नव्हे. दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला विद्युतशक्ती म्हणतात. दाब शंभरपट झाला तर प्रवाह शंभरावा भाग उरतो, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण वाटेत गळती होतेच. तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते, वारंवार चुंबक होणारा लोखंडी गाभा तापतो, आणि प्रवाह तोडण्याच्या जागी उडणारी ठिणगी ऊर्जेचा मोठा वाटा गिळते. पुढे १८५३ मध्ये फ्रान्सच्या फिझो यांनी त्या जागी धारित्र, म्हणजेच कंडेन्सर जोडून ही ठिणगी दडपली, तेव्हा वेटोळ्याचा दाब आणखी वाढला. गळती रोखण्याची ही धडपड आजही संपलेली नाही.

मोजमाप नसलेला काळ

कॅलन यांच्यापुढे दुसरी अडचण होती ती मोजमापाची. विजेचा दाब किंवा प्रवाह मोजणारी भरवशाची साधने तेव्हा नव्हती. मग बॅटरी किती बळकट आहे हे ते विद्युतचुंबकाने उचललेल्या वजनावरून ठरवत आणि वेटोळ्याची तीव्रता बसणाऱ्या झटक्यावरून. झटका सोसायला अर्थातच विद्यार्थी पुढे केले जात. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श विद्यार्थिदशेत अशा एका झटक्याने बेशुद्ध पडले होते आणि नंतर महाविद्यालयाचे अध्यक्ष झालेले चार्ल्स रसेल यांना उपचार घ्यावे लागले होते, असे मेनूथमध्ये सांगितले जाते. या कथांत थोडी अतिशयोक्ती असेलही. पण उच्च दाबाच्या विजेपासूनचा धोका तेव्हा कुणालाच पुरता कळला नव्हता, हे त्यांतून स्पष्ट दिसते. आजच्या मोजपट्टीने पाहिले तर असे प्रयोग समर्थनीय ठरत नाहीत.

१८३७ मध्ये कॅलन यांच्या यंत्राची प्रतिकृती लंडनमध्ये स्टर्जन यांच्याकडे गेली आणि तेथे तिचे प्रदर्शन झाले. त्यांचे लेख लंडनच्या वैज्ञानिक नियतकालिकांतून छापून येत होते. म्हणजे शोध लपून राहिला नव्हता. तो योग्य ठिकाणी पोहोचला होता. १८३८ मध्ये त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतचुंबक फिरवला तर बॅटरीशिवायही वीज निर्माण होते. स्वतःच स्वतःला चेतवणाऱ्या जनित्राचे हे बीज होते. पण तो धागा त्यांनी पुढे नेला नाही. विजेवर चालणारी रेल्वे धावावी, असेही त्यांचे स्वप्न होते. त्यासाठी त्यांनी विद्युतचलित्रे बनवून पाहिली, परंतु बॅटरीच्या बळावर आगगाडी ओढणे त्या काळी शक्य नव्हते.

बिडाची बॅटरी आणि गंजाविरुद्धची लढाई

उच्च दाबाबरोबरच स्वस्त बॅटरी हाही त्यांचा ध्यास होता. त्या काळच्या उत्तम बॅटऱ्यांत प्लॅटिनम किंवा कार्बन वापरला जाई. प्लॅटिनम महाग, तर कार्बन घडवायला अवघड. कॅलन यांनी दोन्हींच्या जागी साधे बीड वापरून पाहिले आणि ते उत्तम चालते असे दाखवून दिले. १८५० च्या दशकातील ही ‘मेनूथ बॅटरी’ लंडनमध्ये व्यापारी तत्त्वावर तयार होऊ लागली. बिडाचे ५७७ घट जोडून त्यांनी एक अवाढव्य बॅटरीही उभारली. तिला ३० गॅलनहून अधिक, म्हणजे सुमारे १३५ लिटर आम्ल लागे. तिच्या जोरावर विद्युतचुंबक दोन टन वजन उचलत असे.

लोखंड वापरायचे तर गंज आलाच. १८५३ मध्ये कॅलन यांनी शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा लेप देऊन लोखंडाला गंजापासून वाचवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडाची काय दशा होते, हे गोवेकरांना सांगायला नको. पश्चिम किनाऱ्यावरील कोणत्याही उद्योगाला या प्रश्नाशी झुंजावे लागते. खानदेशातून वाहत येणारी तापी सुरतेजवळ जिथे समुद्राला मिळते, तिथले हजीरा हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईलगतच्या समुद्रातील नैसर्गिक वायू लोखंडी नळांतून तेथे उतरतो आणि तेथूनच विजयपूर व जगदीशपूरकडे जाणारी मोठी वायुवाहिनी निघते. जमिनीत पुरलेल्या अशा वाहिन्यांना संरक्षक लेप देतात आणि शिवाय कमी दाबाचा एकदिश प्रवाह देऊन त्यांचा गंज रोखतात.

हजीऱ्याच्या पोलाद कारखान्यात विजेच्या प्रज्योत भट्ट्याही आहेत. तेथे कॅलन यांच्या युक्तीची नेमकी उलटी बाजू दिसते. भट्टीला दाब कमी आणि प्रवाह प्रचंड लागतो. म्हणून तेथील रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, उच्च दाब उतरवून प्रवाह वाढवला जातो. इकडे छोट्या विजेरीत दाब चढवायचा, तिकडे भट्टीत उतरवायचा. दोन्हीकडे तत्त्व मात्र एकच, लोखंडी गाभ्यावरील दोन वेटोळ्यांचे.

सेवेचे दुसरे रूप

कॅलन यांचे आयुष्य केवळ प्रयोगशाळेत गेले नाही. प्रार्थना, अध्यापन आणि प्रयोग असा त्यांचा दिनक्रम असे. अठराव्या शतकातील इटालियन संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या भक्तिपर ग्रंथांची त्यांनी इंग्रजीत भाषांतरे केली. त्यांची संख्या वीसच्या आसपास जाते. १८४५ पासून आयर्लंडवर बटाट्याच्या रोगामुळे भीषण दुष्काळ कोसळला आणि लाखो माणसे दगावली. त्या काळात कॅलन यांनी आपल्या वेतनाचा मोठा भाग दुष्काळग्रस्तांसाठी खर्च केला. मेनूथमध्ये त्यांच्याकडे एक साधा, दानशूर, काहीसा विक्षिप्त पाद्री म्हणून पाहिले जाई. धर्मशिक्षणाच्या संस्थेत विजेचे प्रयोग म्हणजे अनेकांना कालापव्यय वाटे. आपल्यामध्ये वावरणारा हा प्राध्यापक विज्ञानाच्या इतिहासात कुठे उभा आहे, याची जाण त्यांच्या भोवतालच्या लोकांना नव्हती.

श्रेय दुसऱ्याच्या नावे

याची किंमत कॅलन यांच्या नावाला मोजावी लागली. पॅरिसमध्ये हाइनरिश रुमकोर्फ हे जर्मन वंशाचे कुशल उपकरणनिर्माते होते. १८५१ मध्ये त्यांनी सुधारित प्रवर्तन वेटोळ्याचे पेटंट घेतले. त्यांचे यंत्र सुबक, टिकाऊ आणि विकत मिळणारे होते. युरोपभरच्या प्रयोगशाळांनी ते घेतले आणि त्याला नाव पडले ‘रुमकोर्फ वेटोळे’. १८६४ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विजेच्या उपयोजनाबद्दलचा ५० हजार फ्रँकचा व्होल्टा पुरस्कार रुमकोर्फ यांना दिला. त्याच वर्षी, १० जानेवारी १८६४ रोजी, मेनूथमध्ये कॅलन यांनी अखेरचा श्वास घेतला होता.

रुमकोर्फ यांनी काही लुबाडले असे म्हणता येणार नाही. त्यांच्या सुधारणा खऱ्या होत्या आणि कारागिरी अव्वल. पण कल्पना प्रथम साकारणारा एक आणि तिला बाजारात पोहोचवणारा दुसरा असला की लोकांच्या ओठी दुसऱ्याचेच नाव राहते. कॅलन यांनी वेटोळ्यासाठी ना कारखाना काढला ना दुकान. त्यांच्यामागे वारसा चालवणारी शिष्यपरंपराही उभी राहिली नाही. कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आढळत नव्हते. विसाव्या शतकात मेनूथच्याच अभ्यासकांनी जुने लेख आणि उपकरणे तपासून त्यांचे श्रेय त्यांना परत मिळवून दिले.

तोपर्यंत प्रवर्तन वेटोळ्याने जग बदलले होते. १८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओलहरी निर्माण केल्या त्या याच्याच ठिणगीने. १८९५ मध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण गवसले तेव्हा त्यांच्या नळीला उच्च दाब पुरवत होते ते हेच वेटोळे. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस सूक्ष्म तरंगलांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग करत होते. त्यांच्या उपकरणातही ठिणगी पाडण्यासाठी प्रवर्तन वेटोळे होते. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत १२ व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टची ठिणगी पाडून इंधन पेटवणारी ‘इग्निशन कॉइल’ हीदेखील त्याच कुळातली.

आजच्या छोट्या विजेरीत पाऱ्याची वाटी नाही. तिची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे. तो सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतो आणि तोडतो. जाडजूड लोखंडी नालाऐवजी बोटाच्या पेराएवढे फेराइटचे कडे पुरते. घड्याळात किंवा रिमोटमध्ये निकामी ठरलेल्या सेलचा दाब बहुधा एका व्होल्टच्या आसपास उरलेला असतो. तेवढ्याने एलईडी थेट पेटत नाही. पण फेराइटच्या कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून एक ट्रान्झिस्टर आणि एक रोधक जोडला की टाकाऊ सेलसुद्धा तास न् तास दिवा उजळत ठेवतो. अशा साध्या मंडलात ऊर्जेचा बराच भाग वाया जातो. काळजीपूर्वक रचलेल्या आधुनिक मंडलांची कार्यक्षमता मात्र अनुकूल स्थितीत नव्वद टक्क्यांच्या वर जाते. मोबाइलला ५ व्होल्ट देणारी पॉवर बँकही आतील ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलचा दाब याच रीतीने चढवते.

२००६ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संस्थेने कॅलन यांच्या कार्याला अभियांत्रिकीच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून अधिकृत मान्यता दिली. त्यांची वेटोळी, बॅटऱ्या आणि गावच्या लोहाराने घडवलेले लोखंडी नाल मेनूथच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहेत. तेथील विद्यापीठाची विज्ञानशाखेची एक इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.